ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी सायलेन्सर तपासा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे, फक्त वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये मथळे दिले आहेत.)

 

तुमच्याकडून येणाऱ्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न सारखा दिसतो, फक्त शब्द वेगळे असतात. "चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणाले, बदलला. आठ दिवसांनी दिवा परत हजर. आता काय करू?" कुणी एक सेन्सर बदललाय, कुणी दोन्ही. कुणाला तर आता कॅटकॉन बदला म्हणून सांगितलंय, आणि त्याचा आकडा ऐकून माणूस गाडी विकायच्या विचारात आहे.

तर आज त्यावरच बोलू. आणि मुद्दा पहिल्यांदाच सांगून टाकतो. ऑक्सिजन सेन्सर हा साक्षीदार असतो. सायलेन्सरच्या नळीत त्याला जे दिसतं, ते तो सांगतो. पुष्कळ वेळा तो खरं तेच सांगत असतो, फक्त त्याच्यासमोरचं दृश्यच कुणीतरी बिघडवलेलं असतं. साक्ष आवडली नाही म्हणून साक्षीदार बदलून खटला सुटत नाही. आणि दृश्य बिघडवणाऱ्यांत एक नेहमीचा, स्वस्त आणि हमखास नजरेतून सुटणारा आरोपी म्हणजे सायलेन्सरची गळती, आपल्या भाषेत 'सायलेन्सर लीक'.

हा सेन्सर करतो काय?

थोडी पार्श्वभूमी. १९७६ साली व्होल्व्हो कंपनीनं बॉशनं बनवलेला हा सेन्सर पहिल्यांदा आपल्या गाडीत बसवला, अमेरिकेतले प्रदूषणाचे नियम पाळता यावेत म्हणून. आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आपला कॅटकॉन, सक्तीचा झाला. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर हा सेन्सर घरोघरी पोचला.

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळलं, तर कॅटकॉन नीट काम करतो. हवा जास्त झाली तर त्याला 'लीन' म्हणतात, पेट्रोल जास्त झालं तर 'रिच'. सेन्सर नळीत बसून जळलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय ते पाहतो. त्याच्या आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. ते साधारण ३०० अंशांच्या वर तापलं की स्वतःच थोडी वीज तयार करतं. ऑक्सिजन कमी, म्हणजे मिश्रण रिच, तर ०.८-०.९ व्होल्ट. ऑक्सिजन जास्त, म्हणजे लीन, तर ०.१-०.२ व्होल्ट. आणि मधली रेघ ०.४५ ची.

गाडीचा ईसीएम हे व्होल्टेज बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. म्हणून चांगल्या गाडीत पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज एका जागी बसत नाही. ०.१ ते ०.९, वर-खाली, वर-खाली, सेकंदाला एखादा फेरा. कॅटकॉनच्या मागे दुसरा सेन्सर असतो. त्याचं काम कॅटकॉनवर लक्ष ठेवायचं. कॅटकॉन चांगला असेल तर मागच्या सेन्सरची रेघ साधारण ०.६-०.७ वर शांत राहते.

एक सूचना. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर 'वाइडबँड' जातीचा असतो, त्याला एअर-फ्युएल सेन्सर म्हणतात. त्याला हे ०.१-०.९ चं गणित लागू नाही. तिथे स्कॅनरवर लॅम्डाचा आकडा बघायचा, तो १ च्या आसपास हवा. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी विचारून घ्या, नाहीतर चांगला सेन्सर वाईट ठरतो.

आमटी, पळी आणि पाणी

आता गळतीचा खेळ समजून घेऊ, स्वयंपाकघरात जाऊन.

आमटी उकळतेय. आजी पळीत थोडी घेऊन चव बघते आणि मीठ घालते. इथे आजी म्हणजे ईसीएम, तिची जीभ म्हणजे सेन्सर, मीठ म्हणजे पेट्रोल. आता समजा नातवानं खोडी केली आणि फक्त पळीत थोडं पाणी टाकलं. आजी म्हणणार, "अगं बाई, अळणी झाली की!" आणि सगळ्या पातेल्यात मीठ घालणार. पळीची चव बरोबर लागेल, पण पातेलं खारट झालेलं असेल.

सायलेन्सरची गळती म्हणजे हे पळीतलं पाणी. तुम्ही म्हणाल, नळीला भोक पडलं तर धूर बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? तर धूर सलग वाहत नाही. एकेका सिलिंडरचा झटका येतो, फाट-फाट-फाट. झटका येतो तेव्हा दाब वाढतो आणि धूर भोकातून बाहेर जातो. दोन झटक्यांच्या मध्ये क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. त्या क्षणात त्याच भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन. सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ ही हवा शिरली, की सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, "ऑक्सिजन खूप आहे, मिश्रण लीन आहे." ईसीएम पेट्रोल वाढवतो. इंजिनात मिश्रण आधी बरोबर होतं, ते आता रिच झालं. ॲव्हरेज घसरलं. प्लग काळे पडले. आणि जास्तीचं पेट्रोल आणि बाहेरची हवा कॅटकॉनमध्ये एकत्र येऊन तिथे जळायला लागली, म्हणजे कॅटकॉन नको तितका तापायला लागला.

दुसरी शक्यता म्हणजे नातवानं थेट पातेल्यातच पाणी ओतलं. ती इनटेकच्या बाजूची गळती, व्हॅक्यूम लीक. तिथे आमटी खरंच अळणी झालेली असते आणि आजीनं घातलेलं मीठ बरोबरच असतं.

दोन्ही वेळेला स्कॅनर एकच कोड दाखवतो, पी ०१७१, 'सिस्टिम टू लीन'. आता सांगा, नुसत्या कोडवरून कळणार कसं, पाणी पळीत की पातेल्यात? आणि यात आजीची जीभ बदलून काय होणार?

कोड वाचा, पण कोडच्या पुढे जा

आपल्याकडे २०१३ नंतर आलेल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथचा छोटा ॲडॅप्टर स्वस्तात मिळतो आणि मोबाईलवर ॲप चालतं. महागडा स्कॅनर हवाच असं नाही.

एकापेक्षा जास्त कोड असतील तर क्रम लावा. पी ०१३५ आणि पी ०१४१ हे सेन्सरच्या हीटरचे कोड. पहिला पुढच्याचा, दुसरा मागच्याचा. हे मात्र थेट सेन्सर आणि त्याच्या वायरिंगबद्दल बोलतात, म्हणून ते आधी. मग पी ०३०० आणि त्यापुढचे मिसफायरचे. मग पी ०१७१. आणि पी ०४२०, म्हणजे कॅटकॉन कमजोर, हा सगळ्यात शेवटी. कारण वरचं काहीही बिघडलं तरी तो मागोमाग येऊ शकतो.

मिसफायरबद्दल एक गंमत. प्लग किंवा कॉइल खराब असेल आणि एका सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलंच नाही, तर मिश्रण रिच वाटायला हवं ना? सेन्सर सांगतो लीन! कारण तो पेट्रोल मोजतच नाही, तो ऑक्सिजन मोजतो. न पेटलेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर आलेला असतो. म्हणून गाडी थरथरत असेल तर आधी प्लग आणि कॉइल, सेन्सरचं नंतर.

कोडबरोबर 'फ्रीज फ्रेम' नावाची नोंद असते. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती तापलेलं होतं, किती आरपीएमवर होतं, वेग किती होता, हे सगळं त्यात असतं. कोड पुसण्याआधी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आधी कोड पुसायचा आणि मग विचार करायचा, हा उलटा धंदा आहे. कोडबरोबर पुरावाही पुसला जातो.

ट्रिमचे दोन आकडे

आता ज्याच्यावर खरं निदान उभं आहे ते फ्युएल ट्रिम. ईसीएम ठरलेल्या हिशोबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचा, लाँग टर्म म्हणजे सवयीचा. दोन्हींची बेरीज करा. दहाच्या आत असेल तर साधारण ठीक.

एक लक्षात घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं. जुन्या गाडीत ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर सरकलेला दिसला तर घाबरू नका.

इंजिन पूर्ण तापल्यावर आकडे दोनदा बघा. एकदा आयडलिंगला आणि एकदा रेस देऊन, २५०० आरपीएमवर धरून.

आयडलला ट्रिम खूप वर आणि २५०० ला जवळपास ठीक, तर गळतीचा संशय. कारण गळतीतून शिरणारी हवा साधारण तेवढीच असते. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात ती मोठी वाटते. रेस दिली की धूर इतका वाढतो की ती त्यात हरवून जाते.

उलट, आयडलला ठीक पण चढावर आणि रेसला ट्रिम चढतोय, तर पेट्रोल पुरत नाही. फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर बघा.

दोन्हीकडे सारखाच वर असेल, तर फ्युएल प्रेशर, इंजेक्टर, आणि हो, खुद्द ऑक्सिजन सेन्सरही संशयितांच्या यादीत.

सीएनजीवाल्यांना तर एक जास्तीची चाचणी फुकट मिळते. ट्रिम पेट्रोलवर बघा, मग सीएनजीवर बघा. फक्त सीएनजीवर बिघडत असेल तर दोष गॅसच्या बाजूला, म्हणजे रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर, फिल्टर किंवा ट्यूनिंग. दोन्ही इंधनांवर आयडलला सारखाच बिघडत असेल तर दोष दोघांना सामाईक असलेल्या जागी, म्हणजे इनटेक किंवा सायलेन्सर. एक मात्र पाहून घ्या. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरचा खोटा सिग्नल देणारा 'एम्युलेटर' असतो. तो असेल तर सीएनजीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

पळी की पातेलं? प्लगला विचारा

आता गळती आहे हे कळलं, पण इनटेकला की सायलेन्सरला? इथे प्लग उघडून बघा.

इनटेकची गळती असेल तर ईसीएमनं केलेली दुरुस्ती बरोबर असते, त्यामुळे प्लग साधारण फिकट तपकिरीच राहतात. सायलेन्सरची गळती असेल तर इंजिन खरंच रिच चाललेलं असतं, आणि प्लग काजळीनं काळेकुट्ट. कोड म्हणतोय पेट्रोल कमी, प्लग म्हणतोय पेट्रोल जास्त. हे दोघं भांडताना दिसले, की एक तर सायलेन्सर गळतोय किंवा सेन्सर खोटं बोलतोय. दोनच शक्यता उरल्या. किती काम सोपं झालं बघा!

"पण पीयूसी तर पास झाली," असं एक श्रोते म्हणाले. पीयूसी पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. कॅटकॉन धडधाकट असेपर्यंत तो जास्तीचा कार्बन मोनॉक्साइड बऱ्यापैकी पचवतो. शिवाय मागच्या बाजूला भोक असेल तर तिथून शिरलेल्या हवेनं नमुनाच पातळ होतो आणि आकडा कमी येतो. पीयूसीचं मशीन मागच्या टोकाला लागतं. मधल्या नळीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

सेन्सरची परीक्षा

उरलेल्या दोन शक्यतांपैकी आधी सेन्सर तपासू, कारण ते दहा मिनिटांचं काम आहे.

इंजिन गरम. ॲपवर पुढच्या सेन्सरचा आलेख लावा. ॲक्सिलरेटर पटकन दाबा. रेघ झटकन ०.८ च्या वर गेली पाहिजे. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन पाय पूर्ण काढा. ईसीएम त्या वेळी पेट्रोल बंद करतो, नळीत निव्वळ हवा जाते, तेव्हा रेघ ०.१ च्या आसपास खाली आली पाहिजे. हे करताना आकडे बघायला शेजारी दुसरा माणूस हवा, गाडी चालवता चालवता मोबाईलमध्ये डोकं घालू नका.

रेघ दोन्ही टोकांना झटपट पोचत असेल तर सेन्सर बहुधा ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. आळसटल्यासारखी हळू सरकत असेल तर सेन्सर म्हातारा झालाय. पी ०१३३ हा कोड तेच सांगतो. आणि काहीही केलं तरी एका जागी चिकटलेली असेल तर आधी वायरिंग आणि कनेक्टर, मग सेन्सर.

हीटरचा कोड असेल तर मल्टिमीटर घ्या. आधी फ्यूज. मग कनेक्टर काढून, किल्ली ऑन करून, हीटरच्या वायरला बारा व्होल्ट येतात का बघा. मग सेन्सरच्या बाजूनं हीटरचा रोध मोजा. तो साधारण काही ओहम भरतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला. तेव्हा मात्र सेन्सर बदलायलाच लागतो, त्यात दुमत नाही.

सेन्सर मेला तर का मेला हेही बघा. टोकावर पांढरट थर असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट. गॅस्केटला लावायचं साधं सिलिकॉन सीलंट त्याची वाफ सोडतं आणि ती सेन्सरला मारते, 'सेन्सर सेफ' लिहिलेलं सीलंट वेगळं मिळतं. तेलकट काळा थर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. कारण तसंच ठेवून नवा सेन्सर बसवला तर त्याचंही तेच होणार.

गळती शोधायची कशी

आता मुख्य काम. वेळ निवडा सकाळची, गाडी रात्रभर उभी असताना. हे महत्त्वाचं आहे. थंड धातू आकसलेला असतो, भेग उघडी असते. गाडी तापली की धातू फुगतो आणि भेग मिटते. दुपारी गॅरेजमध्ये नेल्यावर 'काहीच आवाज नाही हो' म्हणतात ते यामुळे.

बॉनेट उघडा, गाडी सुरू करा आणि ऐका. मॅनिफोल्डपाशी टिक-टिक-टिक असा आवाज, रेस दिली की वेगानं वाढणारा, आणि दोन-चार मिनिटांत नाहीसा होणारा. टॅपेटचा आवाज समजून बरेच जण तो सोडून देतात. हाताभर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाशी, दुसरं टोक जोडांजवळून फिरवा. गळतीपाशी आवाज एकदम मोठा येतो. फिरणारे पट्टे आणि पंखा यांच्यापासून पाइप, ओढणी, बाही लांब ठेवा.

दुसरी युक्ती. मदतनीसाला जाड ओलं फडकं मागच्या नळीवर काही सेकंद दाबून धरायला सांगा. दाब वाढतो आणि लपलेली गळती फुसफुसायला लागते. हातमोजे घालायचे आणि हे मोकळ्या हवेतच करायचं, बंद पार्किंगमध्ये नाही.

तिसरी, मला सगळ्यात आवडणारी. इंजिन बंद आणि थंड. व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकायच्या बाजूला लावून सायलेन्सरच्या टोकात फडक्यानं घट्ट बसवा. सेन्सर, मॅनिफोल्ड, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. गळतीपाशी बुडबुडे येतात. सायकलचं पंक्चर काढण्यासारखंच. गॅरेजमध्ये स्मोक मशीन असेल तर उत्तमच, पण ते नाही म्हणून काम अडत नाही.

कुठे कुठे बघायचं? मॅनिफोल्ड आणि हेडमधलं गॅस्केट, तिथला एखादा स्टड तुटलेला असतो. मॅनिफोल्डच्या अंगावरची भेग. स्प्रिंग-बोल्टच्या जोडातलं गोल पॅकिंग. जाळीदार फ्लेक्सिबल पाइप, ज्याला स्पीडब्रेकर खालून प्रसाद देतात. सेन्सर जिथे बसतो ती चुडी. आणि वेल्डिंगचे सांधे. गळतीजवळ बहुतेक वेळा काळ्या काजळीचा ओघळ असतो, तो टॉर्चनं शोधा. गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर कधीच नाही, पक्के स्टँड लावूनच.

गंज कुठून येतो? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. घर ते भाजी मंडई, दोन किलोमीटर, एवढीच गाडी फिरत असेल तर सायलेन्सर तापतच नाही. ते पाणी आत साचतं आणि आतून गंजवतं. कोकणात त्याला बाहेरून खारी हवेची जोड. म्हणून सायलेन्सरच्या डब्याला कंपनीनंच खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं, पाणी जायला. ते पाहून घाबरू नका आणि वेल्डिंग करून बुजवू तर मुळीच नका.

एक गाडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आकड्यांत सांगतो म्हणजे नीट बसेल. १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, नव्वद हजार किलोमीटर. कोड पी ०१७१. एका गॅरेजमध्ये पुढचा सेन्सर दोनदा बदलून झालेला, तिसऱ्यांदा कॅटकॉन सांगितलेला.

आयडलला शॉर्ट टर्म +८, लाँग टर्म +१८, बेरीज +२६. २५०० ला बेरीज +६. म्हणजे गळती. प्लग काढले, चारही काळे. म्हणजे पातेल्यात नाही, पळीत. सेन्सर रेसला ०.८५ आणि पाय काढल्यावर ०.०८, दोन्हीकडे झटपट. म्हणजे सेन्सर निर्दोष. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर टिक-टिक, तीन मिनिटांत बंद. साबणाचं पाणी, मॅनिफोल्डच्या कडेला बुडबुडे. टोकाचा स्टड तुटलेला आणि तिथे गॅस्केट जळालेलं.

स्टड काढणं वेळखाऊ होतं, सामान मात्र काही शे रुपयांचं. गॅस्केट बसवलं, ईसीएमची जुनी शिकवण पुसली, शंभरेक किलोमीटर चालवल्यावर लाँग टर्म +३. कॅटकॉन तोच राहिला. मालकाला सगळ्यात जास्त राग कसला आला माहितीये? आधीचे दोन्ही सेन्सर चांगले होते याचा.

पी ०४२० आला असेल तरी हेच करा. पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या मधल्या नळीत गळती असेल तर मागच्या सेन्सरलाही भलतंच दिसतं, आणि चांगला कॅटकॉन बाद ठरतो. कॅटकॉनवर खर्च करण्याआधी गळतीची चाचणी झालीच पाहिजे. तसा आग्रहच धरा.

बसवताना

सेन्सर बदलायचाच असेल तर इंजिन कोमट असताना सोडवा, बहुतेकांना २२ चा पाना लागतो, बाजूला खाच असलेलं सॉकेट मिळालं तर सोन्याहून पिवळं. अँटी-सीझ फक्त चुडीला, टोकाला नाही. पुष्कळ नव्या सेन्सरना ते आधीच लावलेलं असतं. कनेक्टरमध्ये स्प्रे मारू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा वायरमधूनच मिळते, ती वाट बुजते. आणि वेल्डिंगवाल्याकडे सायलेन्सर नेताना बॅटरीची तार आणि सेन्सर आधी काढून घ्या.

आता पैशापलीकडचं

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आजचा सगळ्यात महत्त्वाचा. आतापर्यंत भोकातून आत येणाऱ्या हवेबद्दल बोललो. पण त्याच भोकातून बाहेरही काहीतरी येतंय. त्यात कार्बन मोनॉक्साइड आहे. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आणि गळतीपाशी निघणारा धूर कॅटकॉनच्या आधीचा असेल तर तो साफ झालेलाच नसतो, वर आत्ता पाहिलं तसं इंजिन रिच चाललेलं.

बॉनेटखालची गळती समोरच्या काचेखालच्या जाळीतून, जिथून एसीला ताजी हवा मिळते, तिथून आत येऊ शकते. मागची गळती डिकीच्या फाटलेल्या रबरातून. 'एसी रीसर्क्युलेशनवर आहे, मग भीती नाही' हा गैरसमज आहे. फटींमधून जे आत आलं ते मग आतच फिरत राहतं.

लक्षणं म्हणजे डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी. गाडी लागली असं वाटतं. खूण एकच. गाडीत बसल्यावर त्रास सुरू होतो, उतरून मोकळ्या हवेत गेलं की कमी होतो, आणि गाडीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी होतो. असं झालं तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा. गुंगी किंवा मळमळ राहिली तर थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना सायलेन्सरच्या धुराचा संशय आहे हे स्पष्ट सांगा. त्याशिवाय त्यांनाही सुचणार नाही. आणि इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, एसीत झोपणं, पोरं आत ठेवणं, हे कुठल्याच गाडीत नको. गळकी असो, नवी असो.

म्हणून सायलेन्सरचा बारीक टिक-टिक आवाज 'चालतंय की' म्हणून सोडू नका. दिवा लागायची वाटही बघू नका.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. रविवारी सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडून सुरू करा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. ज्यांच्याकडे ॲडॅप्टर आहे त्यांनी आयडल आणि २५०० चे ट्रिम वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. गाडी बरी असतानाचे आकडे हाताशी असले, की आजारी पडल्यावर निदान निम्मं झालेलं असतं. आणि उद्या कुणी म्हणालं "सेन्सर गेलाय", तर शांतपणे विचारा, "ट्रिम किती आहे? प्लग बघितले का? गळती तपासली का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो.

प्रश्न पाठवताना कोडबरोबर फ्रीज फ्रेमचा फोटो आणि दोन्ही ट्रिम पाठवा, म्हणजे नेमकं बोलता येईल. भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी जपून चालवा. नमस्कार!